उथळ पाण्यावरचे पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण जाऊ या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला. इथं गोदावरीला कादवा येऊन मिळते. ब्रिटिश काळात इथं बंधारा बांधला गेला आणि दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे वर्षानुवर्षं साचत गेला. पाणी साठवायचं म्हटलं तर हे नुकसानच, पण पक्ष्यांचं त्यानं भलं केलं. पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, काठानं पाणगवत माजलं. 1986 साली इथं अभयारण्य झालं आणि 2020 साली ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली.

निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. पण उत्तरेकडच्या पाखरांना ही थंडी म्हणजे काहीच नाही. तिकडे तळी गोठतात, खाणं बर्फाखाली जातं, म्हणून ती पोटासाठी इकडे येतात.

त्यातला माझा सगळ्यात लाडका पक्षी म्हणजे पट्टकादंब. राखाडी अंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाख इथल्या तळ्यांकाठी त्यांची वीण होते, आणि तिथून आपल्याकडे येताना वाटेत हिमालय आडवा असतो. अंगावर यंत्र बसवलेले पट्टकादंब सात हजार मीटरच्याही वर उडताना नोंदले गेले आहेत. त्या विरळ हवेत आपल्याला चार पावलं टाकणं मुश्कील, आणि हे पंख मारत राहतात! त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन अशा हवेतूनही प्राणवायू चांगला धरून ठेवतं. इथं आल्यावर दिवसा बेटांवर विसावतात आणि अंधार पडला की शेतात चरायला उतरतात. कोवळा गहू-हरभरा गेला की शेतकऱ्याच्या जिवाला लागतंच. तरीही ही पाखरं इथं टिकून आहेत, त्यात काठच्या गावांचा मोठा वाटा आहे असं मी मानतो.

बदकं बघताना मात्र नाव ओळखायची घाई करू नका. आधी ते खातंय कसं ते बघा. थापट्याची चोच पुढे पसरट असते आणि तिच्या कडेला बारीक दातऱ्या असतात. ती पाण्यात बुडवून तो एका जागी गोल गोल फिरतो, तळचं पाणी ढवळून वर आणतो आणि त्यातले सूक्ष्म जीव गाळून घेतो. कधी कधी पाच-दहा थापटे एकाच भोवऱ्यात फिरताना दिसतात. तलवार बदक शेपूट आभाळाकडे करून उलटं होतं, लांब मानेनं तळ गाठतं. लालसरी सरळ बुडी मारते. म्हणजे एकाच पाण्यात प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं. पाणी सगळीकडे सारखंच खोल असतं तर यातले निम्मे इथं थांबलेच नसते.

आता समजा, समोर शेकडो वारकरी पक्षी पांगून चरतायत आणि ते एकदम गोळा होऊन दाट थवा करतायत. लगेच वर बघा. बहुतेक वेळा दलदल ससाणा घिरट्या घालत असतो.

पहाटे निघा, उजाडताना चापडगावच्या मनोऱ्यांपाशी असा. मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण, वही-पेन पुरे. आणि एक कळकळीची विनंती. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून काही जण टाळ्या वाजवतात, दगड भिरकावतात. कृपा करून असं करू नका, करणाऱ्यालाही थांबवा. या पाखरांना परतीच्या वाटेसाठी अंगावर चरबी साठवायची असते, दर उड्डाणाला त्यातली खर्ची पडते.

वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि अंदाजे संख्या लिहा. जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते, तिला अशा वह्यांची सवय असलेली माणसं हवीच असतात. जायचं तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाऊन या. मार्चमध्ये ऊन चढलं की पट्टकादंब परतू लागतात.

नमस्कार.