पैसा कुणाचा, अटी कुणाच्या

(आपल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात, न्यू जर्सी, शनिवार २५ ऑक्टोबर २०२५ रोजी केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.

फराळाच्या टेबलावरच्या चकल्या आपल्या एका ताईंनी केल्या आहेत. त्या फेडरल, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला आहेत. १ ऑक्टोबरला खर्चाच्या मंजुरीवरून वॉशिंग्टनमध्ये गाडं अडलं आणि सरकार बंद पडलं. तेव्हापासून ताई रोज कामावर जातात, पण पगार हातात पडत नाही. मघाशी मी विचारलं, "ताई, कसं चाललंय?" म्हणाल्या, "घराचा हप्ता एक तारखेला आहे. तेवढे बाजूला काढलेत. पुढचं पुढं." त्यांच्या शेजारीच आपले एक काका उभे होते. ते तितक्याच तळमळीनं सांगत होते, की या आठवड्यात देशाचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं, मग कधीतरी कुणीतरी हात धरायला नको का?

मला दोघांचंही पटलं. काकांचा राग खोटा नाही. फेडरल सरकार वर्षाला सात लाख कोटी डॉलरच्या घरात खर्च करतं, त्यातले जवळजवळ १.८ लाख कोटी उसने काढून. २०२४ मध्ये नुसत्या व्याजाचा खर्च संरक्षण खात्याच्या खर्चापुढं गेला. ज्या माणसानं आयुष्यभर डायरीत दूधवाल्याचा हिशेब लिहिला, त्याला हे बघवत नाही. पण हा खर्च जातो कुठं, ते बघा. सोशल सिक्युरिटी म्हणजे पेन्शन, मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा आणि मेडिकेड म्हणजे गरिबांचा आरोग्यखर्च, शिवाय संरक्षण आणि व्याज, यातच बहुतेक सगळं संपतं. काकांची स्वतःची हृदयाची औषधं त्यातच आहेत. म्हणून "उधळपट्टी बंद करा" एवढं म्हणून भागत नाही. मला छळणारा प्रश्न निराळा आहे. कर एक जण गोळा करतो, खर्च दुसरा करतो, मग जाब कुणाला विचारायचा?

आपल्यातले कितीतरी जण रोज सकाळी मेट्रोपार्कहून किंवा एडिसनहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जातात. हडसनखालचे ते दोन बोगदे १९१० साली सुरू झाले. लोकमान्य तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. हॅकेन्सॅक नदीवरचा पोर्टल पूलही त्याच साली सुरू झाला. बोट जायची असली की तो पूल बाजूला फिरतो, आणि परत बसताना कधी कधी रूळ जुळत नाहीत. मग माणसं घण घेऊन उतरतात आणि ठोकून ठोकून ते जागेवर बसवतात. सिकॉकसच्या अलीकडे मी असाच एकदा पाऊण तास गाडीत अडकलो होतो. समोर एक तरुण आई पाळणाघराला फोन करून सांगत होती, "दहा मिनिटांत येते." तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज कापत होता. आता शेजारी नवा पूल उभा राहतोय, पण बोगदे अजून तेच आहेत.

नवा बोगदा आतापर्यंत व्हायला हवा होता. २००९च्या जूनमध्ये त्याचं काम सुरूसुद्धा झालं होतं. पण ते वर्ष आठवा. त्याच्या आदल्या वर्षी बँकांना वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला होता, आणि फेब्रुवारीत मंदीतून सावरायला ७८७ अब्जांचं पॅकेज आलं. १५ एप्रिलला, कर भरायच्या शेवटच्या दिवशी, गावोगाव लोक या खर्चाविरुद्ध फलक घेऊन रस्त्यावर उतरले. चहाची खोकी बॉस्टनच्या समुद्रात फेकली गेली होती ती १७७३ साली. 'टी पार्टी' हे तेच नाव लोकांनी पुन्हा घेतलं. राज्यांच्या विधानसभांत दहाव्या घटनादुरुस्तीचे ठराव येऊ लागले. १७९१ सालची ती एका वाक्याची दुरुस्ती सांगते, की जे अधिकार घटनेनं फेडरल सरकारला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांचे किंवा लोकांचे. साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरांनी पॅकेजचे सुमारे ७०० दशलक्ष नाकारले, तेव्हा राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ते घ्यायला लावले. विस्कॉन्सिन, ओहायो आणि फ्लोरिडाच्या नव्या गव्हर्नरांनी रेल्वेचे पैसे परत पाठवले.

त्याच लाटेत, २०१०च्या ऑक्टोबरमध्ये, गव्हर्नर ख्रिस्टी यांनी आपला बोगदा रद्द केला. ८.७ अब्जांचं काम होतं. त्यात तीन अब्ज वॉशिंग्टनचे आणि तीन अब्ज पोर्ट ऑथॉरिटी या न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या सामाईक संस्थेचे. खर्च वाढला तर वरचा बोजा एकट्या न्यू जर्सीनं उचलायचा होता, आणि तो आकडा कुठं जाईल याची खात्री नाही, असं ते म्हणाले. मला त्यांचा निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. पण त्यांची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. वॉशिंग्टन तीन अब्ज देऊन मोकळं होणार आणि जोखीम इथल्या करदात्याच्या गळ्यात, हे राज्याच्या प्रमुखानं बोलायलाच हवं होतं. दोनच वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री सँडी चक्रीवादळ आलं आणि खारं पाणी बोगद्यांत भरलं. ते मीठ अजून काँक्रीट आणि तारा खातंय. आता नव्या बोगद्याचा खर्च १६ अब्ज सांगतात, आणि याच १ ऑक्टोबरला, सरकार बंद पडलं त्याच दिवशी, वॉशिंग्टननं त्याचे पैसे रोखून धरल्याचं जाहीर केलं. पंधरा वर्षांपूर्वी राज्यानं हात आखडला, या वेळी वॉशिंग्टननं. गाडीतल्या त्या आईला दोन्ही सारखंच.

हे मी नुसतं वर्तमानपत्र वाचून बोलत नाही. एका काउंटीच्या रस्ते विभागात मी बावीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली. रस्त्याखालून पाणी जायला असलेल्या एका जुन्या मोरीची गोष्ट सांगतो. पत्र्याचा पाइप, तळ गंजून गेलेला, वरचा रस्ता खचायला लागलेला. जोराचा पाऊस झाला की पलीकडच्या घरातल्या आजी बादल्या घेऊन तळघरात उतरायच्या. तयार काँक्रीटच्या पेट्या आणून बसवल्या असत्या तर एका उन्हाळ्याचं काम होतं, आणि ते आमच्या ऐपतीत होतं. पण फेडरल योजनेत बसवलं तर शंभरातले ऐंशी डॉलर वॉशिंग्टनचे. त्या ऐंशीसाठी मोरीचा पूल झाला, रुंदी वाढली, पाहण्या आणि मंजुऱ्या वाढल्या, आणि सहा वर्षं गेली. टेबलाभोवती बसलेला एकही माणूस बेइमान नव्हता. मीही त्या टेबलाशी होतो. पण पुरे शंभर आमचे असते तर आम्ही पेट्याच बसवल्या असत्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे आपली आजी सांगायची ते हेच. त्या घरातल्या आजी मात्र सहा पावसाळे बादल्या उपसत होत्या.

या प्रश्नावर आपल्याच एका माणसानं, इथून तासाभरावर बसून, शंभर वर्षांपूर्वी विचार केला होता. १९१३च्या जुलैमध्ये, बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात आले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेची सोळावी घटनादुरुस्ती मंजूर झाली होती आणि राज्यांमध्ये वाटणी न करता थेट मिळकतीवर कर घ्यायची मुभा वॉशिंग्टनला मिळाली होती. आज आपण ज्या थैलीवरून भांडतो, ती थैली त्या वर्षी शिवली गेली. बाबासाहेबांचे प्राध्यापक सेलिग्मन हे करांच्या अभ्यासातले मोठे नाव. आणि बाबासाहेबांनी विषय घेतला तो ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या तिजोरीचा. प्रबंध १९२५ साली लंडनला छापला गेला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह.

त्यातली हकिगत आपल्या मोरीचीच आहे. १८३३च्या कायद्यानं सगळा पैसा कलकत्त्याच्या एका पेटीत गेला. मुंबई किंवा मद्रासला परवानगीशिवाय पगाराची एक नवी जागासुद्धा काढता येईना. खर्च प्रांत करणार, पैसा उभा करायची चिंता कलकत्त्याला. त्या पद्धतीबद्दल स्ट्रॅची नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं, की वाटप म्हणजे नुसती ओढाताण झाली आहे, जो जास्त आरडाओरडा करतो त्याला जास्त मिळतं, आणि जो काटकसर करतो त्याच्या पदरात काही पडत नाही. पुढं १८७१ पासून ठरावीक रक्कम, मग नेमून दिलेली उत्पन्नं, मग वाटून घेतलेली उत्पन्नं, अशा पायऱ्या आल्या. बाबासाहेब एकेक पायरी आकडे मांडून तपासत जातात. स्वतंत्र भारतात केंद्राची मदत राज्यांत कशी वाटायची, हा घोळ सोडवायला १९६९ साली सूत्र दिलं तेही आपल्याच अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांनी. हा प्रश्न आपल्या घरातला आहे. इथल्या निवडणुकीत राज्यांच्या हक्काची भाषा आली की आपण "ते यांचं जुनं भांडण" म्हणून मान फिरवतो. आपण ती फिरवू नये.

पैशाबरोबर अटी येतात, त्याचंही सांगतो. साउथ डकोटात एकोणीस वर्षांच्या मुलांना हलकी बिअर विकत मिळायची. वय एकवीस करा, नाहीतर रस्त्यांचे पाच टक्के पैसे कापू, असं वॉशिंग्टननं सांगितलं. राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ साली हरलं. २०१२ साली मेडिकेडच्या खटल्यात मात्र सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटलं, की मेडिकेडचा विस्तार केला नाही तर जुनी सगळी मदत काढून घ्यायची धमकी म्हणजे राज्याच्या डोक्याला लावलेली बंदूक आहे. या दोन निकालांच्या मधली रेघ कुठं, हे अजून कुणी नीट आखलेलं नाही.

आणि आपल्या खिशाला थेट चाट बसली ती २०१७ सालच्या कायद्यानं. आपल्या राज्यात घरपट्टीची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली आहे. राज्याला आणि गावाला भरलेला कर फेडरल हिशेबातून वजा व्हायचा, थेट १९१३ पासून. त्यावर दहा हजारांची मर्यादा आली. न्यू जर्सीनं न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मेरीलँडबरोबर मिळून वॉशिंग्टनवर खटला भरला आणि हरलं. या वर्षी ती मर्यादा चाळीस हजारांवर नेली. आपल्या शाळांचा खर्च आपण आपल्या गावात, आपल्या मतानं, आपल्या घरपट्टीतून करतो. त्याची किंमत काय, हे वॉशिंग्टन ठरवतं. माझा सगळ्यात मोठा राग इथं आहे.

तरीही राज्यांचे हक्क हे शब्द मी जपून वापरतो, आणि तुम्हीही जपून वापरा अशी हात जोडून विनंती आहे. याच शब्दांच्या आड गुलामगिरी टिकवली गेली. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवलं गेलं. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना पोहोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर पाठवावं लागलं. आपल्या लोकांनीही हे सोसलंय. त्याच १९१३ साली कॅलिफोर्नियानं कायदा केला, की ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन घेता येणार नाही. दहा वर्षांनी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व नाकारलं, आणि कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांना राज्याच्या त्या कायद्यानं गाठलं. एकानं दार लावलं, दुसऱ्यानं कडी घातली. पुढं १९६५ साली देशाचं दार उघडलं ते वॉशिंग्टननं, आणि या हॉलमधले बहुतेक जण त्याच दारातून आत आलो. म्हणून माणसाच्या हक्काची हमी मला पूर्ण देशाकडून हवी. मोरी किती रुंद असावी, हे मात्र मोरीशेजारी राहणाऱ्यांनी ठरवावं आणि तिचे पैसेही त्यांनीच मोजावेत.

काका, तुम्ही मघाशी म्हणालात, आपण करणार काय? ४ नोव्हेंबरला आपल्या राज्याचा गव्हर्नर निवडायचाय, विधानसभेच्या सगळ्या जागाही आहेत. राष्ट्राध्यक्षाच्या वेळी आपण रांगा लावतो आणि या वर्षी घरी बसतो. कुणाला मत द्या हे मी मंडळाच्या व्यासपीठावरून सांगणार नाही. पण दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढं विचारा, की बोगद्याचा खर्च वाढला तर वरचे पैसे कुणाचे? आकडा सांगेपर्यंत त्याला सोडू नका.

आजपासून आधीचं मतदान सुरू झालंय आणि आज केंद्र रात्री आठपर्यंत उघडं आहे. जेवण झालं की मी आणि ताई तिकडेच निघालोय. गाडीत तीन जागा आहेत. काका, पुढची तुमची.