संदेशांचाही उलटा प्रवास: हिमस्तरांच्या समांतर मॉडेलमधली संवेदनशीलता

(इंदूर येथील मराठी व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अंटार्क्टिकाचा बर्फ समुद्राकडे किती वेगाने सरकतो, हे उपग्रहांना मोजता येते. दोन-तीन किलोमीटर बर्फाखाली तळाचे घर्षण किती आहे, ते मात्र मोजता येत नाही. म्हणून आधी घर्षण अंदाजाने धरायचे, मॉडेलकडून वेग काढायचा, मोजलेल्या वेगाशी ताडून पाहायचा आणि घर्षण सुधारायचे. कोणत्या बिंदूवरच्या घर्षणाने ही तफावत किती बदलते, ती संख्या म्हणजे संवेदनशीलता. जाळीत 1 लाख बिंदू असतील आणि एकेक हलवून पाहायचा म्हटला, तर मॉडेल 1,00,001 वेळा चालवावे लागेल. अ‍ॅडजॉइंट पद्धतीत गणित शेवटाकडून सुरुवातीकडे नेतात आणि एकाच उलट्या फेरीत सगळे आकडे हाती येतात. खर्च मूळ गणिताच्या काही पट. बिंदू वाढले म्हणून ही पट वाढत नाही.

आयएसएसएमसारख्या हिमस्तरांच्या मॉडेलमध्ये हे काम एडॉल-सी किंवा कोडीपॅक ही सॉफ्टवेअर लायब्ररी करते. साध्या संख्येऐवजी एक खास प्रकार वापरला जातो. त्याच्यावरची प्रत्येक क्रिया टेपवर, म्हणजे मेमरीतल्या क्रमवार यादीत, नोंदली जाते आणि मग टेप उलटी वाचतात. एका प्रोसेसवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच चालत्या प्रतीवर, हे सरळ आहे. कस लागतो तो समांतर गणितात, म्हणजे अनेक प्रोसेस एकाच वेळी काम करतात तेव्हा.

जाळीचे तुकडे वेगवेगळ्या प्रोसेसकडे असतात आणि कडेची मूल्ये एमपीआयच्या (प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीच्या प्रमाणित पद्धतीच्या) संदेशांतून येतात. ‘अ’ने ‘ब’ला मूल्य पाठवले असेल, तर उलट्या फेरीत ‘ब’ने त्या मूल्याची संवेदनशीलता ‘अ’ला पाठवायची आणि स्वतःची नोंद शून्य करायची. ‘अ’ने आलेला आकडा आपल्या आकड्यात मिळवायचा, जुना पुसून चालत नाही, कारण ते मूल्य ‘अ’नेही वापरलेले असते. ब्रॉडकास्टच्या (एकाचे मूल्य सर्वांना पाठवण्याच्या) उलट बेरीज, बेरजेच्या उलट ब्रॉडकास्ट. नॉन-ब्लॉकिंग संदेश (पूर्ण होण्याची वाट न पाहता काम पुढे नेणारा) असेल तर जिथे वेट (तो पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सूचना) होता तिथे उलट्या फेरीत संदेश घ्यायला सुरुवात करायची, आणि जिथून पाठवायला सुरुवात केली होती तिथे वेट लावायचा. मधल्या काळात त्या बफरला, म्हणजे संदेशाच्या मेमरीतल्या जागेला, हात लावायचा नाही.

टेपला संदेशाची नोंदच झाली नाही, नुसता आकडा गेला, तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. उत्तर येते, आणि ते चुकीचे असते. या विषयातली सर्वांत घातक चूक हीच. म्हणून इथल्या, इंदूरजवळच्या सिमरोळच्या आयआयटीतल्या आणि इतर विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो: तेच लहान उदाहरण 1 आणि 4 प्रोसेसवर चालवा, संवेदनशीलतेच्या दोन नकाशांची वजाबाकी काढा. फरक तुकड्यांच्या कडांवर ओळीने दिसला, तर दोष संदेशांत आहे. शेवटच्या अंकांतला फरक सोडून द्या. बेरजेचा क्रम बदलल्याने तो येतोच.

मग चार-पाच बिंदू निवडून घर्षण प्रत्यक्ष हलवून पाहा आणि उलट्या फेरीच्या आकड्यांशी ताडा. पाऊल 10⁻² पासून 10⁻¹⁰ पर्यंत कमी करत न्या. चूक आधी घटते, मग राउंड-ऑफमुळे (संगणक शेवटचे अंक छाटतो त्यामुळे) पुन्हा वाढते. मात्र वेग काढायची पुनरावृत्ती त्रुटी 10⁻³ वर येताच थांबवली असेल, तर ही तुलना निरर्थक आहे. आधी ती मर्यादा कडक करा.

मेमरीचा ताण दोन ठिकाणी येतो. रेषीय समीकरणांच्या सॉल्व्हरची प्रत्येक क्रिया टेपवर नेऊ नका; उलट्या फेरीत ट्रान्सपोज (ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेल्या) मॅट्रिक्सचे एक समीकरण सोडवले की पुरते. दीर्घ काळाच्या गणितात चेकपॉइंट, म्हणजे मधल्या स्थितीच्या साठवलेल्या प्रती, ठेवा. 10 चेकपॉइंट आणि प्रत्येक पायरी जास्तीत जास्त 3 वेळा पुन्हा चालवायची तयारी, एवढ्यात 286 पायऱ्या निभतात.

ग्लेनच्या नियमात (बर्फ ताणाखाली कसा वाहतो ते सांगणाऱ्या) घातांक 3 धरला, तर विकृतीचा दर शून्य होतो तिथे श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) अनंत होते आणि उलट्या फेरीत ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी संगणकाची खूण) पसरतो. त्या दराच्या वर्गात, वर्गमूळ घेण्याआधी, एक छोटी स्थिर संख्या मिळवा.