लाजरची दोन थडगी

यरुशलेमपासून तीन किलोमीटरहूनही कमी अंतरावर, जैतुनाच्या डोंगराच्या आग्नेय उतारावर बेथानी हे गाव आहे. त्याचे आजचे अरबी नाव अल-अयझरिया असे असून त्यात, येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजरचे नाव अजूनही ऐकू येते. रस्त्यालगतच्या त्याच्या कबरीच्या दारातून आत शिरले की खडकात खोदलेल्या चोवीस ओबडधोबड पायऱ्या लागतात, आणि त्या एकसारख्या उंचीच्या नसल्यामुळे यात्रेकरू भिंतीचा आधार घेत सावकाश खाली उतरतात.

ही वाट मूळची नव्हे. चौथ्या शतकातच या कबरीजवळ चर्च उभे होते. सोळाव्या शतकात, मुसलमानही ही जागा पवित्र मानत असल्याने, येथे मशीद बांधली गेली. पुढे जुन्या दाराने आत जाणे ख्रिस्ती लोकांना अशक्य झाले, तेव्हा 1566 ते 1575 या काळात फ्रान्सिस्कन संन्याशांनी उत्तरेकडून खडक फोडून ही नवी वाट काढली. बुजवलेल्या जुन्या दाराची खूण वरच्या दालनाच्या पूर्वेकडील भिंतीत आजही दिसते. त्या दालनातून आणखी खाली उतरल्यावर कबरीची खोली येते, आणि तिच्यात मोजकीच माणसे मावतात.

येशू येथे पोहोचला तेव्हा लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. आत्मा तीन दिवस देहाजवळ घुटमळतो अशी समजूत पुढच्या काळातील यहुदी ग्रंथांत आढळते; त्या हिशेबानेही आशा संपलेली होती. शेवटच्या दिवशी माझा भाऊ पुन्हा उठेल हे मला ठाऊक आहे, असे लाजरची बहीण मार्था म्हणाली, तेव्हा पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, असे येशूने तिला सांगितले. मग तो रडला, कबरीच्या तोंडावरची धोंड बाजूला सारण्यास त्याने सांगितले आणि मोठ्याने हाक मारली, “लाजरा, बाहेर ये!”

लाजर बाहेर आला तो हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला असा. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने हा तपशील उगाच नोंदवलेला नाही. येशूच्या रिकाम्या कबरीत वस्त्रे मागेच पडली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. लाजरला त्याचे पूर्वीचेच आयुष्य परत मिळाले होते आणि त्याला पुन्हा मरायचे होते. येशूने असेच जिवंत केलेल्या नाईन गावच्या विधवेच्या मुलाला आणि याईराच्या मुलीलाही तेच चुकणार नव्हते. मृत्यूसमयी प्रत्येकाचा होणारा न्याय आणि शेवटच्या दिवशी सर्वांचा होणारा न्याय, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यांनाही तितकीच लागू आहे. ख्रिस्ताचे पुनरुत्थान मात्र मरणाच्या पलीकडचे आहे, आणि ख्रिस्ती माणसाची आशा त्यावर उभी आहे.

या चमत्कारानंतर येशूला ठार मारण्याचे यहुदी पुढाऱ्यांच्या न्यायसभेने ठरवले, असे योहान सांगतो. आज बेथानी आणि यरुशलेम यांच्यामध्ये काँक्रीटची भिंत आहे आणि थेट पायवाट बंद आहे.

आता सायप्रस बेटावरचे लार्नाका शहर. लाजर येथे, म्हणजे प्राचीन कितियोन नगरात, बिशप झाला आणि येथेच दुसऱ्यांदा मरण पावला, अशी पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरा आहे. बायझंटाईन सम्राट सहावा लिओ याच्या काळातील, लाजरच्या नावाच्या येथील चर्चच्या वेदीखाली 1972 साली दुरुस्तीच्या वेळी संगमरवरी शवपेटी आणि मानवी अस्थी सापडल्या. येथले लोक त्या लाजरच्याच मानतात. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी पाळल्या जाणाऱ्या लाजरच्या शनिवारी त्याची प्रतिमा मिरवणुकीने शहराच्या रस्त्यांतून नेली जाते.