स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

नमस्कार. विषय तुम्हाला माहीत आहे, कार्बोरेटरच्या गाडीचं आयडलिंग. म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर, आणि पाय उचलल्यावरही इंजिन संथ चालू राहणं. इथे किती जणांच्या घरी फियाट होती? हात वर करा बघू. अरे वा, अर्ध्याहून जास्त ठाण्यातला नौपाडा फियाटवाला निघाला! मग सिग्नलला गाडी बंद पडली की मागून हॉर्न कसे वाजतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आमची प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपल्याकडची फियाटच, बाबांनी १९८४ साली घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, नंबर लावून वाट बघून मिळालेली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. त्या आठवड्यात मी मुद्दाम आमची गाडी बाहेर काढली, म्हटलं मुलुंडपर्यंत चक्कर मारू. तीन हात नाक्याला सिग्नल लागला, पाय उचलला आणि गाडी थरथरून बंद. तिथून घरी येईपर्यंत पाच वेळा बंद पडली.

पुढच्या दोन महिन्यांत तीन गॅरेजं झाली. तिन्हीकडे एकच प्रकार. बॉनेट उघडलं की पहिला स्क्रू-ड्रायव्हर हातात. “रनिंग वाढवून देतो, मॅडम.” रनिंगचा, म्हणजे आयडलिंगच्या वेगाचा, स्क्रू आत घेतला की इंजिनला मिश्रण सोडणारी थ्रॉटलची झडप थोडी जास्त उघडी राहते, एवढंच होतं. दुखणं आहे तिथेच, वर पेट्रोल जास्त जळतं. मग कार्बोरेटर खोलायचा, धुवायचा, पुन्हा बसवून नट आवळायचे. तिसऱ्या गॅरेजनंतर तर गाडी चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी दांडी, ओढल्याशिवाय चालूच राहीना. याचा मला आजही राग येतो. बिघाड कुठे आहे हे न शोधता सेटिंग हलवणं म्हणजे पुढच्या माणसासाठी सगळ्या खुणा पुसून टाकणं.

शेवटी कळव्याला एक उस्ताद भेटले, पंच्याहत्तरीचे, मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी आधी नुसतं ऐकलं. मग चोक जरासा ओढायला सांगितला. इंजिन सुतासारखं सरळ आलं. म्हणाले, “ताई, चोक दिल्यावर सुधारते ना? मग ही कुठूनतरी फुकटची हवा खातेय.” त्यांनी ब्रश घेतला, जाड ऑइलमध्ये बुडवला आणि कार्बोरेटर मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळीवर, बसतो त्या सांध्यावर फिरवला. ऑइल आत ओढलं गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याच क्षणी आवाज बदलला. मग कार्बोरेटर काढून त्याचा तळ खिडकीच्या काचेवर ठेवला. “वाका, उजेडाकडे बघा.” मधोमध केसाएवढी उजेडाची रेघ! दोन्ही बाजूचे नट दरवेळी जास्त जास्त आवळून फ्लँज, म्हणजे तळाची चपटी कड, वाकवून ठेवला होता. उस्तादांनी काचेवर पॉलिश पेपर अंथरला आणि पाऊण तास तो तळ आठच्या आकड्यात घासला. मध्येच पुसायचे, काचेवर ठेवायचे, पुन्हा घासायचे. सांधा बंद करणारं नवीन गॅस्केट घातलं, दोन्ही नट आलटूनपालटून, हलक्या हाताने आवळले. ती बैठक आजतागायत हललेली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही आलात ते आता भराभर सांगते.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, चोक पूर्ण आत. आधी इग्निशन, म्हणजे ठिणगीचं काम: प्लग, पॉइंटचा गॅप, टायमिंग. मग टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपांची फट. कार्बोरेटरच्या नावावर खपणारं बरंचसं मिसिंग, म्हणजे इंजिनचं अडखळणं, इथेच सापडतं. मग हवेची गळती, मघाच्या ब्रशच्या युक्तीने. त्या जागी पेट्रोल शिंपडू नका, भडका उडेल.

चोकने सुधारतं पण गळती नाही, तर आयडलिंगला पेट्रोल देणारा छोटा आयडल जेट बघा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कचऱ्याच्या एका कणाने बुजतं. तार घालू नका, पितळ आहे, भोक मोठं होईल, हवा मारा. उलट प्लग काळे पडत असतील, म्हणजे पेट्रोल जास्त होत असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल ठरवणाऱ्या फ्लोटची लेव्हल आणि त्याने बंद होणारा नीडल व्हॉल्व्ह बघा.

हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर वेगळं व्याख्यान होईल. इतकंच ध्यानात ठेवा, ते पाणी शोषतं, जुनं रबर खराब करतं आणि जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. गाडी महिनाभर उभी असेल तर फ्लोटची वाटी उघडून तळ बघा.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. मिक्श्चरचा, म्हणजे आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा, स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत, जोर नको, टोकाला खाच पडते. तिथून दीड फेरा बाहेर. गाडी चालू करा, पाव-पाव फेरा फिरवत आवाज सर्वांत भरदार लागेल तिथे थांबा, मग रनिंगच्या स्क्रूने इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांवर आणा. मिक्श्चरचा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर थांबा. झडप जास्त उघडी आहे, जेट बुजलाय किंवा हवा दुसरीकडून येतेय. परत मागे जायचं.

दुसरी चिठ्ठी आली. गाडी खाली गेटपाशी आणलीय, बॉनेट उघडते. ज्यांना तो ब्रश फिरवून बघायचाय त्यांनी लगेच या, इंजिन अजून गरम असेल.