समजायला लागलं की बदली

तुम्ही लोकांनी आमच्या परराष्ट्र सेवेतल्या नोकरीबद्दल प्रश्नांच्या चिठ्ठ्या पाठवल्यात, त्यातल्या निम्म्या पार्ट्यांबद्दल आहेत. राजदूत लोक रोज संध्याकाळी हातात ग्लास घेऊन उभे असतात हे खरं का वगैरे. खरं आहे. पण ते उभं राहणं ड्युटी असते हो, कोण कोणाशी बोललं, कोण आलंच नाही, मंत्री अर्ध्या तासात का सटकला हे सगळं डोक्यात साठवायचं आणि सकाळी ऑफिसात जाऊन मुख्यालयाला केबल, म्हणजे गोपनीय अहवालाची तार, लिहायची. पाय दुखतात, बाकी काही ग्लॅमर नाही. तो विषय इथेच संपवते.

मला बोलायचंय ते बदलीबद्दल. पोस्टिंग साधारण तीन वर्षांचं असतं, कुठे दोन, कुठे चार. पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात जातं, दुसऱ्या वर्षी जरा सूर लागतो, आणि आता कुठे कळायला लागलंय की कोण खरं बोलतं नि कोण नुसतंच गोड बोलतं, तोवर पुढची ऑर्डर हातात. माणूस तयार झाला की उचलायचा, असा हा उरफाटा कारभार! पण तो मुद्दाम केलेला आहे. भीती ही की फार दिवस राहिला तर तो आपल्या सरकारची बाजू तिकडे मांडायची सोडून तिकडची बाजू आपल्याच सरकारला पटवायला लागेल. आणि असं होतं, मी बघितलंय, काही जणांच्या केबल वाचल्या की कळायचं नाही हा नक्की कोणाचा राजदूत.

आता याच्या बरोब्बर उलटं उदाहरण सांगते. सोव्हिएत युनियनचे अनातोली डोब्रिनिन १९६२ मध्ये राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले ते १९८६ पर्यंत तिथेच, केनेडींपासून रेगनपर्यंत सहा अध्यक्ष त्यांनी पाहिले. सुरुवातीला तर मॉस्कोला जाणाऱ्या त्यांच्या सांकेतिक तारा वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा पोरगा सायकलवर येऊन घेऊन जायचा, आणि इकडे जग अणुयुद्धाच्या तोंडावर उभं! २७ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री अध्यक्ष केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी त्यांच्याशी बोलले आणि त्या बोलण्याचा क्यूबाचा पेच सुटण्यात मोठा वाटा होता. पण गंमत बघा, क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवलीयत हे मॉस्कोनं त्यांना सांगितलंच नव्हतं. अमेरिकनांना ते "तसलं काही नाही" म्हणत होते ते अगदी मनापासून. आपल्याच राजदूताला अंधारात ठेवलं की त्याचा चेहरा खरा वाटतो, हे सरकारांना चांगलं माहीत असतं, आणि याचा राग परराष्ट्र सेवेतला प्रत्येक जण कधी ना कधी गिळतो. तरी ते टिकले, कारण त्यांच्याशी बोललेलं मॉस्कोत नीट पोचतं ही खात्री समोरच्यांना होती, आणि अशी खात्री तीन वर्षांत तयार होत नाही.

दुसरे अमेरिकेचे मुत्सद्दी जॉर्ज केनन. रशिया त्यांच्याइतकी कळलेली अमेरिकन माणसं थोडी. २२ फेब्रुवारी १९४६ ला त्यांनी मॉस्कोहून पाच हजारांहून जास्त शब्दांची तार पाठवली, एवढी लांब तार कोण वाचणार असं वाटेल, पण वॉशिंग्टननं ती वाचली आणि अमेरिकेचं पुढचं धोरण बरंचसं त्यावर उभं राहिलं. हेच केनन १९५२ मध्ये राजदूत म्हणून मॉस्कोला गेले, आणि काही महिन्यांतच बर्लिनच्या विमानतळावर पत्रकाराच्या प्रश्नावर बोलून गेले की मॉस्कोतलं जगणं हे युद्धात जर्मनांनी आम्हाला स्थानबद्ध करून ठेवलं होतं तसंच आहे. झालं. पर्सोना नॉन ग्राटा, म्हणजे नकोसा माणूस, परत येऊ नका. एवढी मोठी तार लिहिणारा माणूस, आणि घात केला दोन वाक्यांनी. आता असा नकोसा राजदूत परत पाठवायचा अधिकार १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ९ व्या कलमात लिहिलेला आहे, यजमान देशानं कारणसुद्धा द्यायची गरज नाही.

मग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या या रांगेत दूतावासातलं जुनं सगळं लक्षात कोणाला असतं? तिथल्या स्थानिक कर्मचाऱ्यांना. पंचवीस-तीस वर्षं एकाच टेबलावर बसलेली माणसं, कुठल्या खात्यात कोणाला फोन केला की काम होतं हे त्यांना पाठ, आणि राजदूतांना वाटतं आपणच सगळं चालवतो! बरं, त्यांना आमच्यासारखं संरक्षण नाही. दोन देशांत बिनसलं की आम्ही विमानात बसून निघतो, ते तिथेच राहतात, आणि आमच्याकडे नोकरी केली याचा जाब त्यांना विचारला जातो. यावर फार कमी बोललं जातं.

घरच्यांचं थोडक्यात सांगते कारण त्यावर रडत बसण्यात अर्थ नाही, पण सोपं नसतं. जोडीदाराचं करिअर दर तीन वर्षांनी शून्यावर, कारण कितीतरी ठिकाणी दोन देशांत तसा करार असल्याशिवाय त्याला किंवा तिला नोकरीच करता येत नाही. मुलांना सगळीकडे मित्र असतात आणि लहानपणापासूनचा एकही नसतो. रात्री दोनला फोन वाजला की आधी म्हातारे आईवडीलच आठवतात.

आणि सगळ्यात खालचं मानलं जाणारं काम, कॉन्सुलर, म्हणजे व्हिसे देणं आणि परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांना मदत करणं. नव्या पोरांना ते नको असतं, सगळ्यांना राजकीय विभाग हवा. मी मात्र म्हणते की नोकरीत माणूस दिसतो तो इथेच. १९६३ च्या कॉन्सुलर कराराच्या ३६ व्या कलमानुसार तुमचा नागरिक तिकडे अटकेत असेल तर तुम्हाला त्याला तुरुंगात जाऊन भेटता येतं. तिथे बसून तुम्ही काय देणार, तर वकिलांची यादी, घरचा निरोप, आणि कोणीतरी आलं होतं एवढी नोंद. पण तुरुंगवाल्यांच्या वागण्यात त्या नोंदीनं फरक पडतो. आणि याच टेबलावरून जपानचे चिउने सुगिहारा यांनी १९४० मध्ये लिथुआनियातल्या कौनासला, टोकियो नको म्हणत असताना, ज्यू निर्वासितांना हातानं लिहून ट्रान्झिट व्हिसे दिले, नोंदीतच दोन हजारांच्या वर नावं आहेत, एकेका व्हिशावर अख्खं कुटुंब निघालं ते वेगळंच. १९४७ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली.

म्हणून चार्ज देताना मी नव्या माणसाच्या हातात आधी तुरुंगातल्यांची यादी ठेवायचे, कोणाला शेवटचं कधी भेटलो, कोणाची औषधं चालू आहेत, कोणाची आई दर महिन्याला फोन करते. मंत्र्यांची माहिती त्याला फायलीत मिळतेच.

हं, आता उरलेल्या चिठ्ठ्या घेऊया.