पॅड नवे, तरी गाडी थांबेना

(दृश्य: कुर्ल्याचा सीएसटी रोड. दुतर्फा गॅरेजं, स्पेअर पार्टची दुकानं. जॅकवर चढवलेली एक हॅचबॅक.)

मोटारीचा हवा तो भाग या रस्त्यावर मिळतो. त्यामुळे ब्रेक कमी लागतोय म्हटलं की पहिला खर्च ठरलेला, पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड. मग पॅड जिला घासून चाक थांबवतात ती डिस्क. दोन्ही नवं घालून गाडी सायनच्या सिग्नलपर्यंत जाते आणि पुढच्या टॅक्सीच्या डिकीपाशी कशीबशी थांबते. "मिस्त्री, काही फरक नाही हो!"

जाणता मिस्त्री अशा वेळी चाकाला हात लावत नाही. आत बसतो आणि पेडल दाबून बघतो.

पेडल मऊ लागलं आणि भराभर दाबल्यावर वर आलं, तर बहुधा ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर सावकाश खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या रेट्याने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) आतली रबरं गेली असणार. पेडल दगडासारखं घट्ट असेल, तर संशय बूस्टरवर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली जायला हवं. नाही गेलं, तर व्हॅक्यूमची नळी, तिचा व्हॉल्व्ह, नाहीतर खुद्द बूस्टर. या तपासणीला एक रुपया लागत नाही. कदाचित म्हणूनच ती कोणी करत नाही.

हवा काढून काढून मिस्त्री थकला आणि पेडल मऊच राहिलं, तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या शिकंज्याचा) ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायची तोटी, कुठे आहे ते बघा. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला गेला असेल, तर निपल खालच्या बाजूला येतो. हवा वरच अडकून राहते, मग कितीही ऑइल ओता.

(दृश्य: चाक उतरवलेलं. कॅलिपर जवळून.)

पेडल ठीक, बूस्टरही ठीक, पण ब्रेकला दम नाही. आता चाक उतरवायचं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढला जातो. पिना जाम झाल्या की बाहेरचा पॅड नावापुरता उरतो. दोन्ही पॅड शेजारी ठेवून बघा. आतला झिजून संपत आलेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा दिसला, तर पिनाच बघायच्या.

मुंबईत हा संशय आधी घ्यावा, असं आमचं मत. समुद्राची खारट हवा, त्यात पावसाळ्यात हिंदमाताला किंवा मिलन सबवेला चाकं पाण्यात. पिनेवरचं रबरी बूट फाटलेलं असलं की पाणी आत शिरतं, ग्रीस जातं, गंज धरतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं, तर रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. नवे पॅड टाकताना हे काम राहून जातं, आणि गिऱ्हाईक डिस्क बदलायला तयार होतं!

(दृश्य: बोरघाटाचा उतार.)

एक तक्रार मात्र गॅरेजमध्ये दिसतच नाही. पुण्याहून परतताना बोरघाटात पेडल तळाला गेलं, खोपोलीला गाडी थंड झाली आणि ब्रेक पुन्हा ठणठणीत. हे जुन्या ब्रेक ऑइलचं काम असू शकतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 155 पर्यंत येऊ शकते. सतत दाबलेल्या ब्रेकच्या उष्णतेने ऑइल उकळतं, वाफ दबते आणि पाय रिकामा जातो. पुष्कळ कंपन्या दर 2 वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. घाटात दुसरा-तिसरा गिअर ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.

पॅडवर ऑइल किंवा ग्रीस सांडलं असेल, तर पुसत बसू नका, पॅड बदला.

आणि नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसायला वेळ द्यावा लागतो. मध्यम वेगावरून गाडी पूर्ण न थांबवता हळू करायची, मग ब्रेक थंड होऊ द्यायचे, असं आठ-दहा वेळा. त्यासाठी मुंबईत मोकळा रस्ता आणायचा कुठून? मिस्त्री सांगतो, रविवारी पहाटे बीकेसीला जा, आणि मागच्या आरशात बघूनच ब्रेक दाबा.