दोनदा पाय, एकदा टाळी

श्रोतेहो, नमस्कार. रॉक संगीताच्या मैफलीत श्रोते कलावंतांबरोबर गातात, त्या गाण्याविषयी आज बोलायचे आहे. परंतु मला जो प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही, तोच आधी सांगतो.

२९ मे १९७७ची रात्र. इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे, कृषिप्रदर्शनाच्या मैदानावरील बिंग्ली हॉल या सभागृहात ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम संपला, कलावंत रंगमंचावरून आत गेले, आणि तरीही श्रोते जागचे हलले नाहीत. ते गाऊ लागले. बरे, गाणे क्वीनचे नव्हतेच. लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींनी आपलेसे केलेले ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत ते एकमुखाने गात होते. आत उभ्या असलेल्या कलावंतांना गहिवरून आले. त्या काळी रॉकच्या श्रोत्यांनी वाद्यवृंदाला गाऊन दाखवण्याची रीत नव्हती, असे गिटारवादक ब्रायन मे यांनी पुढे सांगितले आहे. त्या रात्री ते एकच विचार घेऊन झोपले: खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांना करता येण्याजोगे असते तरी काय? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते आणि गाता येते. सकाळी उठले तेव्हा ‘वी विल रॉक यू’ त्यांच्या मनात तयार होते. दोनदा पाय, एकदा टाळी.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्टुडिओत गर्दी कुठून आणायची? लंडनमधील त्या जुन्या वास्तूत सापडलेल्या लाकडी फळ्यांवर मंडळींनी पाय आपटले आणि तो आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवला. मे हे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. प्रत्येक आवर्तन किती उशिराने ऐकू यावे, यासाठी त्यांनी मूळ संख्यांचे हिशेब बांधले, त्यामुळे प्रतिध्वनी न वाटता चहूबाजूंना माणसेच उभी असल्याचा भास होतो. या गाण्यात ड्रम नाहीत, श्रोतेहो. गिटारही येते ती अगदी शेवटी. पुन्हा सांगतो, दोनदा पाय, एकदा टाळी, बाकी जागा श्रोत्यांसाठी मोकळी.

याच वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेले पारशी फारुख बल्सारा. त्यांचे शिक्षण पाचगणीच्या निवासी शाळेत झाले आणि पियानोही ते तिथेच शिकले. (आपण मात्र पाचगणीला जाऊन घोड्यावर बसतो, स्ट्रॉबेरी खातो आणि परत येतो.) १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या मैफलीत त्यांनी शब्दांविना एक लांबलचक ‘ए-ओ’ हवेत सोडला, आणि सुमारे बहात्तर हजार लोकांनी तो जसाच्या तसा परत केला. कीर्तनकार बुवांनी ‘बोला पुंडलिक वरदे’ म्हटल्यावर मंडपातून जे उत्तर येते, त्याच जातीचा हा व्यवहार होय. मात्र आमच्या सोसायटीत अलीकडे गणपतीची आरतीसुद्धा मोबाइलवर लावतात आणि माणसे मुकाट्याने उभी राहतात, हे मला मुळीच रुचत नाही. बेसूर चालेल, पण आवाज आपला हवा.

एवढ्या मोठ्या मैदानात ताल राखणे सोपे नसते, कारण ध्वनीला शंभर मीटर जायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो आणि मागच्यांची टाळी पुढच्यांपेक्षा उशिरा पडते. म्हणूनच लय संथ लागते आणि कृती साधी: दोनदा पाय, एकदा टाळी.

आता तेच गाणे लावतो. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल, तर पाय जरा बेताने आपटावेत.